गिटारचे ईएमजी काढून पॅसिव्ह पिकअप: आवाज बसका, वर गुणगुण

प्रश्न: इलेक्ट्रिक गिटारमधले ईएमजी ८१/८५ (बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारे भाग) काढून पॅसिव्ह (बिनबॅटरीचे) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचे पिकअप लावले, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे बदलते रोध) जुनेच ठेवले. ट्रेबल गायब आहे. गुणगुणही येते, तारांना हात लावला तरी थांबत नाही. काय चुकलं?

उत्तर १: जुने पॉट २५ किलोओहमचे आहेत. पॅसिव्ह पिकअपवर एवढ्या कमी रोधाचा भार पडला की वरच्या फ्रिक्वेन्सी जातातच. व्हॉल्यूम-टोन दोन्हीकडे ५०० किलोओहम, ऑडिओ टेपर (आवाज कानाला सारखा वाढत जाईल असे) लावा. जॅकच्या (केबल लावायच्या सॉकेटच्या) रिंगला, म्हणजे मधल्या संपर्काला असलेली बॅटरीची काळी वायर काढा. टिपला (टोकाच्या संपर्काला) सिग्नल, स्लीव्हला (बाहेरच्या संपर्काला) अर्थिंग.

उत्तर २: गुणगुण वेगळ्या कारणाने. ईएमजीला ब्रिजची (तारा टेकतात त्या धातूच्या भागाची) अर्थिंगची वायर लागत नाही, कंपनीच ती जोडू नका म्हणते. त्यामुळे ती कापून किंवा टेप गुंडाळून कॅव्हिटीत (वायरिंगच्या पोकळीत) कोंबलेली असते. शोधा आणि व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर जोडा. पाठ आधी सँडपेपरने घासा. गुळगुळीत धातूवर सोल्डरचा गोळा नुसता बसून राहतो, धरत नाही. मग मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोड आहे का ते तपासायच्या सेटिंगवर) ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं जॅकच्या स्लीव्हला. बीप आलाच पाहिजे.

उत्तर १: वायर कापलेलीच निघाली तर ब्रिजचा स्टड (ब्रिज धरणारा स्क्रू) बुशिंगसकट, म्हणजे लाकडातल्या नळीसकट काढून भोकातून नवी ओढा. पुन्हा ॲक्टिव्ह लावाल तेव्हा मात्र ती सोडवा.