पानात वाढलेलं संपवायलाच लावायचं का?

मोगरा: मुलगा साडेतीन वर्षांचा. वरणभात, दूध, केळं, की झालं जेवण. काल मेथीची भाजी दिसताच तोंड गच्च मिटलं. सासूबाईंनी 'हा घास काऊचा, हा चिऊचा' करत एक घास भरवलाच. तो त्याने पंधरा मिनिटं गालात धरून ठेवला आणि शेवटी उलटी केली. बिचारा रडत झोपला. तेव्हाच ठरवलं, जबरदस्ती बंद. काय आणि कधी वाढायचं ते मी ठरवणार. खायचं की नाही, किती खायचं, ते तो. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी हेच मांडलंय. घरी मात्र याला लाड म्हणतात.

सातारची आजी: लाडच आहेत, बाळा. आमच्याकडे चार भावंडांना एकच भाजी असायची, नावडती म्हणायची सोय नव्हती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळपास ६९ मुलांना रक्तक्षय निघाला. अशा वेळी पालेभाजी पोराच्या मर्जीवर सोडायची?

दोघींचा बाबा: आजी, आकडा काळजीचाच आहे. पण ओकून टाकलेल्या मेथीतून रक्त कसं वाढेल? मोगराताई, तो दूध किती पितो ते मोजा. आमची धाकटी दिवसाला पाऊण लिटर प्यायची. डॉक्टर म्हणाले, पोट दुधानेच भरतं, शिवाय त्याने लोह नीट अंगी लागत नाही. संध्याकाळचा कप बंद केला, आठवड्याभरात ती आठ वाजता स्वतःहून पाटावर येऊन बसायला लागली.

मोगरा: तीन मोठे कप होतात. हे लक्षातच आलं नव्हतं.

नाचणी: मला आजींचं निम्मं पटतं. 'किती ते तो ठरवेल' म्हणायचं आणि अर्ध्या तासाने बिस्किटाचा पुडा फोडायचा, हे आमच्याकडे वर्षभर चाललं. मुलगी ताटाकडे बघेनाशी झाली. ताट उचललं की पुढच्या खाण्यापर्यंत फक्त पाणी, हे पाळणार असाल तरच या वाटेला जा. आणि दोनदा नाकारलं म्हणून भाजी सोडू नका, कधीकधी दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते.

सातारची आजी: उपाशीपोटी झोपलेलं मूल मला बघवणार नाही, ते माझ्याच्याने व्हायचं नाही. पण उलटी होईस्तोवर भरवू नये, हे खरं. मोगरा, उद्या मेथी निवडायला त्याला शेजारी बसव, पानं खुडू दे. आणि वाढताना चमचाभरच वाढ, वर लिंबू पिळ. टाकलं तरी तेवढंच जाईल.