घटस्फोटाचे कायदे न्याय्य आहेत का? भाच्याचा निबंध आणि घर कोणाचं हा प्रश्न

गोदाकाठ
भाचा लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. एका वकिली कार्यालयाने विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवलीय, निबंधाचा विषय 'घटस्फोटाचे कायदे दोघांनाही न्याय देतात का?' तो पोटगीवर लिहितोय. मी म्हटलं, पोटगीवर सगळेच लिहितील, तू घरावर लिही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात संसारात जोडलेल्या मालमत्तेच्या वाटणीचा नियमच नाही. कलम २७ आहे, पण ते लग्नाच्या सुमारास मिळालेल्या वस्तूंपुरतं. बाकी ज्याच्या नावावर सातबारा, त्याची जमीन.

फ्लॅटचा हप्ता नवऱ्याच्या खात्यातून आणि किराणा, शाळेची फी, सासूबाईंची औषधं बायकोच्या पगारातून, हे घरोघरी चालतं. मोडलं की त्याच्याकडे फ्लॅट, हिच्याकडे किराण्याच्या पावत्याही नाहीत. गोवेकरांना १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून वेगळा नियम आहे: लग्नाआधी करार केला नसेल तर मालमत्ता सामाईक, निम्मी निम्मी. सावंतवाडीच्या बाईने काय पाप केलंय?

सडेतोड
गोव्याचं कौतुक पुरं करा. तिथे वडिलोपार्जितही सामाईकात येतं. आजोबांनी लावलेली बाग दोन वर्षांच्या लग्नापायी निम्मी द्यायची? आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली नवऱ्यालाही खर्च मागता येतो म्हणे. मागून बघा एकदा, कोर्टाच्या व्हरांड्यात लोक कसे बघतात ते! कायदा कागदावर दोघांचा, वापरात एकीचाच.

पैठणी नको
सडेतोड, व्हरांड्यात बाईकडेही बघतातच हो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा निकालात सांगितलं की दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. मी दिलं, पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे, घरखर्चाचा हिशोब, सगळं. समोरून काय आलं? चालतं दुकान सासूबाईंच्या नावावर, आणि गावभर शेठ म्हणून मिरवणारे गृहस्थ तिथे बारा हजारांवर नोकर! भाच्याला म्हणावं यावर लिही.

जळगावकर
तुम्ही सगळे पैशात अडकलात. आधी सुटका तर होऊ द्या. परस्पर संमती असेल तर ठीक, सहा महिने थांबायची अटही न्यायालय माफ करू शकतं, हे २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून स्पष्ट आहे. पण एकाने 'नाही' म्हटलं की संपलं. क्रूरता सिद्ध करा, परित्याग सिद्ध करा. संसार पार मोडलाय, हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाहीच. २०२३ मध्ये घटनापीठाने सांगितलं की राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली त्या कारणावर घटस्फोट देता येतो, पण तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. म्हणजे आमच्याकडच्या माणसाने दिल्ली गाठायची. मग खोटे आरोप होणार नाहीत तर काय? कायदाच ते करायला लावतो.

गोदाकाठ
पण नुसती सुटका सोपी केली तर घर नसलेला माणूस रस्त्यावर येतो, आणि तो बहुतेकदा बाईच असते. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात म्हणूनच दोन्ही एकत्र होतं: संसार मोडला हे कारण, आणि बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेतून मोबदला. २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पुढे लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही गेलं.

सडेतोड
त्यात आर्थिक हाल होतील म्हणून घटस्फोटाला विरोध करायची सोय फक्त बायकोला होती, हे का नाही सांगत? घरी बसून म्हाताऱ्या आईबापांचं करणारा नवरा असूच शकत नाही का? बाकी शिष्यवृत्ती कसली, त्या कार्यालयाची फुकटची जाहिरात.

जळगावकर
जाहिरात असेना का, पोराची फी भरली जाईल. तेवढा मुद्दा मात्र सडेतोडांचा बरोबर आहे, हरकत घ्यायची सोय दोघांनाही हवी.

सडेतोड
चला, इतकं तरी मान्य झालं. मग माझंही ऐका: लग्नानंतर जोडलेलं निम्मं निम्मं, वडिलोपार्जित वगळून आणि कर्जासकट. भाच्याने असं लिहिलं तर माझी हरकत नाही.

पैठणी नको
कर्जासकट चालेल. पण दुकान आईच्या नावावर केलं की ते 'वडिलोपार्जित' होत नाही, एवढं त्याच वाक्यात घाला.