मदत हवी आहे: मानेच्या रक्तवाहिनीची भिंत ०.९ मिलिमीटर, गोळी सुरू करायची का?

शेवग्याची_शेंग: मुक्काम सुवॉन, कोरिया. कंपनीच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय, सगळा कोरियनमध्ये. फोन धरून भाषांतर केलं तर "गळ्याची भिंत जाड" एवढंच येतंय. मानेची सोनोग्राफी ०.९. कंबर ८६ सेंटिमीटर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १६८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४४, उपाशीपोटी साखर ९७, बीपी १२४/८०. खाली शेरा 'देसा जुंगहुगुन', म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणे, कंबर, चरबी, साखर, बीपी यांचा एकत्र बिघाड. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, लगेच घ्यायची का? सोमवारी डॉक्टर आहेत, लवकर सांगा.

पंत_कोथरूडकर: वय?

सह्याद्रीवारा: सकाळी अनशापोटी लसणीच्या दोन पाकळ्या. सासऱ्यांचं ब्लॉकेज त्यानेच गेलं.

पंत_कोथरूडकर: सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली ना? मागच्या धाग्यात तुम्हीच लिहिलंय.

चष्मेवाला: शेरा चुकलाय साहेब. पाचपैकी तीन निकष भरावे लागतात. कंबर ९० किंवा जास्त, एचडीएल ४० च्या खाली. तुमचं फक्त ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आहे. एकच!

पंत_कोथरूडकर: निकष कोरियन लावायचे की भारतीय, ते आधी ठरवा.

चष्मेवाला: पुरुषांना दोन्हीकडे ९०च. उगाच फाटे नकोत.

मिरजकर_आजोबा: अवांतर विचारतो, तिकडे तूरडाळ मिळते का? नातू सप्टेंबरात येतोय.

शेवग्याची_शेंग: साहेब कोण? मी बाई आहे. वय ४१. आता हेही सांगायचं?

चष्मेवाला: अहो, तेच तर सांगायचं! बायकांना कोरियात कंबर ८५, एचडीएल ५० च्या खाली. तीन भरले. शेरा बरोबर, मीच चुकलो.

पंत_कोथरूडकर: भारतीय बायकांना तर ८०. म्हणून विचारत होतो.

प्रोबवाली: सोनोग्राफीतच काम करते. ०.९ मिलिमीटर ही सरासरी की सर्वांत जाड जागा? कुठली बाजू? प्लाक, म्हणजे भिंतीवर साचलेला चरबीचा थर, आहे का? भिंत वयाबरोबर जाड होतेच, त्यामुळे ४१ ला ०.९ आणि ६५ ला ०.९ एक नव्हे. १.५ झाली तर तिला प्लाकच म्हणतात. आणि नुसत्या या आकड्यावर गोळी ठरत नाही. २०१३ मध्ये अमेरिकन हृदयरोगवाल्यांनी धोका ठरवायला ही मोजणी सरसकट करू नका असंच सांगितलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कुठंय? तेच लिहिलं नाहीत.

शेवग्याची_शेंग: १३८. उजवी ०.९, डावी ०.७, पुढे 'छ्वेदे' लिहिलंय. प्लाकपुढे 'ऑप्सम'.

हानगंगाकाठी: छ्वेदे म्हणजे जास्तीत जास्त. ऑप्सम म्हणजे नाही.

प्रोबवाली: मग सरासरी ०.९ च्या खालीच असणार. सोमवारी ती विचारा. घरात कुणाला लवकर हार्ट अटॅक आला असेल तर न विचारता सांगा, आणि कंबर, ट्रायग्लिसराइडचं बोला. ते तुमच्या हातात आहे.

सह्याद्रीवारा: लसूण चालू ठेवायला काय जातं?

शेवग्याची_शेंग: वडिलांना ५२ ला आला होता. सांगते. आजोबा, तूरडाळ सोलला इतेवन भागात मिळते.