मदत हवी आहे : बलोच मयार आणि कुराणातली क्षमा

नमस्कार मंडळी. बलुचिस्तानातल्या बलोच टोळ्यांच्या ‘मयार’बद्दल, म्हणजे त्यांच्या अलिखित आचारसंहितेबद्दल वाचतोय आणि एका ठिकाणी अडलोय.

मयारनुसार आश्रयाला आलेल्याचं रक्षण जीव देऊनही करायचं. गोहर नावाची उंटवाली बाई रिंद टोळीचा सरदार मीर चाकर रिंद याच्या आश्रयाला होती. लाशारी या दुसऱ्या बलोच टोळीतल्या तरुणांनी तिच्या उंटांची पिल्लं मारली आणि त्यावरून रिंद-लाशारी युद्ध पेटलं. लोककाव्य सांगतं की ते ३० वर्षं चाललं. आश्रयाचं कळतं, कुराणातही (९:६) आश्रय मागणाऱ्या विरोधकाला सुरक्षित जागी पोचवा असं सांगितलंय. पण सूडाचं काय? कुराण (२:१७८) खुनाच्या बदल्याचा हक्क मान्य करतं, पण वारसांनी माफ करून भरपाई घेण्याची वाटही देतं आणि तिला ईश्वराची सवलत म्हणतं. मयारमध्ये तर सूड हे कर्तव्य!

तरीही बायका डोक्यावर कुराण घेऊन शत्रूच्या दारात माफी मागायला गेल्या, की त्यांना रिकाम्या हाती परत पाठवत नाहीत. मला ही प्रथा फार मोलाची वाटते.

तर, अशी माफी धर्माची आज्ञा म्हणून दिली जाते की दारी आलेल्या बाईचा मान राखायला? यावर मराठी, हिंदी किंवा सोप्या उर्दूत काही वाचलंय का कुणी? पानिपतानंतर तिकडे गेलेल्या मराठ्यांवरचं बरंच मिळालं, ते सध्या नको. बलोची लोककाव्याचे अनुवाद असतील तर आधी तेच सुचवा.