जांघेतला लाल चट्टा झिंक लावूनही हटत नाही

अबोली_फोंडा

मुलगी नऊ महिन्यांची, वजन 8 किलो. कान दुखत होता म्हणून पाच दिवसांचा ॲन्टिबायोटिकचा कोर्स झाला. तेव्हापासून दिवसाला पाच-सहा वेळा पातळ शी. आज रॅशचा चौथा दिवस. आधी ढुंगणाच्या दोन्ही गोलाव्यांवर नुसती लाली होती. आता जांघेच्या घडीत गडद लाल झालंय आणि कडेला सुटेसुटे बारीक दाणे आलेत. शू लागली की कळवळते. ताप नाही, दूध नीट पिते.

प्रत्येक वेळी वाईप्सने पुसून झिंकचं बेबी क्रीम लावते, त्यावर टक्केवारी छापलेली नाही. दिवसा सुती लंगोट, रात्री एकच डायपर आठ-नऊ तास. या पावसात लंगोट वाळायला दोन दिवस लागतात. सासूबाई म्हणतात, खोबरेल लावून वर पावडर मार. फार्मसीवाल्याने "सगळ्यावर चालते" म्हणून एक ट्यूब दिलीय, तिच्यावर बेटामेथासोन, जेंटामायसिन आणि क्लोट्रिमॅझोल अशी तीन नावं आहेत. लावू का?

बालत्वचा

ती ट्यूब उघडू नका. का ते खाली सांगते, आधी चट्टा काय सांगतोय ते बघू.

ओल्याने आणि घासण्याने होणारा साधा रॅश जिथे डायपर टेकतो तिथेच येतो: ढुंगणाचे उंचवटे, मांडीची आतली बाजू, पोटाखालचा भाग. घडीच्या तळाशी डायपर पोचत नाही, म्हणून घडी बहुधा स्वच्छ राहते. बाळाला उताणं झोपवून जांघ दोन बोटांनी हलकेच ताणून बघा. तळ गोरा आणि कडा लाल असेल तर साधा रॅश. तळच लालभडक, ओलसर, चकाकता असेल आणि मुख्य चट्ट्यापासून अर्धा-एक सेंटीमीटर दूर बेटांसारखे दाणे असतील तर कँडिडा, म्हणजे बुरशी. तुम्ही लिहिलेलं चित्र दुसरं आहे. त्यातून ॲन्टिबायोटिक होऊन गेलंय (आतड्यातले चांगले जंतू मेले की बुरशीचं फावतं) आणि साधा रॅश तीन दिवसांत उतरणीला लागतो, हा वाढतोय. जिभेवर आणि गालाच्या आत पांढरे, पुसून न निघणारे डाग आहेत का तेही बघा. असले तर तोंडातल्या बुरशीचं औषध वेगळं घ्यावं लागतं, आणि तुमच्या स्तनाग्रांना आग किंवा भेगा असतील तर दोघींचे उपचार एकत्र, नाहीतर चेंडू इकडून तिकडे जात राहतो.

नुसतं झिंक इथे हरतं ते यामुळेच. झिंक पाणी अडवतं, बुरशी मारत नाही.

क्रम असा. कोमट पाणी आणि कापूस. वाईप्स निदान आठवडाभर बंद, वास आणि अल्कोहोल नसलेले असले तरी, कारण सोललेल्या कातडीला पुसणंच नको असतं. शी वाळून चिकटली असेल तर घासू नका, कापसाला थोडं खोबरेल लावून दोन मिनिटं टेकवून ठेवा, आपोआप सुटते. मग मऊ सुती कापडाने टिपा. घडी उघडून आतून टिपायचं, तिथली ओल सगळ्यांत जास्त राहते. पाच-दहा मिनिटं उघडं ठेवा. पूर्ण कोरडं झाल्यावर क्लोट्रिमॅझोल 1 टक्का क्रीम, फक्त तेवढंच औषध असलेलं, दिवसातून दोनदा. वाटाण्याएवढं क्रीम दोन्ही जांघांना पुरतं. पातळ थर, बाहेरच्या सुट्या दाण्यांच्याही पलीकडे बोटभर. ते जिरलं की वर झिंक.

साधारण सात ते दहा दिवस लागतात. दोन-तीन दिवसांत लाली फिकी पडते आणि नेमकं तिथेच क्रीम बंद होतं, मग आठवड्याने सगळं परत. डाग पूर्ण गेल्यावरही आणखी दोन-तीन दिवस लावा. मात्र सुरू करायच्या आधी डॉक्टरांना एकदा दाखवा. चौथा दिवस आहे आणि जुलाबही आहेत. फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ जवळच आहे.

औषधपेटी

ट्यूबबद्दल मी लिहितो. तुमच्या हातातल्या तीन औषधांपैकी उपयोगाचं एकच, क्लोट्रिमॅझोल. जेंटामायसिन जीवाणूंवरचं, बुरशीवर त्याचा काही उपयोग नाही. बेटामेथासोन हे जोरकस स्टिरॉइड. ते लालीला एका रात्रीत झोपवतं, म्हणून "सगळ्यावर चालते" ही ख्याती. बुरशी खाली तशीच, वर तिला रोखणारी प्रतिकारशक्ती दबलेली. बंद केलं की दुप्पट जोराने उफाळतं, मग पुन्हा तीच ट्यूब. शिवाय डायपर म्हणजे झाकण. झाकलेल्या, ओल्या, बाळाच्या पातळ कातडीतून औषध कितीतरी जास्त आत जातं. आठवड्यांमागून आठवडे लावलं तर कातडी पातळ होते आणि अंगातल्या संप्रेरकांवरही परिणाम होऊ शकतो. फार दाह असेल तर डॉक्टर कधी हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का, म्हणजे सौम्य स्टिरॉइड, दोन-चार दिवसांपुरतं देतात. ते त्यांनी ठरवायचं.

झिंकचं क्रीम घेताना ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. "झिंक ऑक्साइड" आणि पुढे टक्के. पाच-सात टक्के असेल तर ते रोजच्या निगेचं. रॅश असताना 20 ते 40 टक्क्यांचं घट्ट मलम. टक्केवारीच नाही ते बाजूला ठेवा. कॅलामाइन लोशन आणि झिंकचं मलम एक नव्हे, लोशन वाळून भुकटी होतं आणि पाणी अडवत नाही. झिंक नसेल तर बिनवासाची पेट्रोलियम जेली. तीही चालते, पण ओलसर सोललेल्या जागेवर टिकत नाही.

आणि थर. बहुतेकजण मलम हाताला लावल्यासारखं चोळून जिरवतात. खालची कातडी दिसता कामा नये, पोळीवर लोणी लावतो तसा थर. पुढच्या बदलीला सगळं खरवडायचं नाही, फक्त वरचा शीचा थर काढायचा आणि पांढरं राहिलंय त्यावर नवीन द्यायचं. दिवसातून एकदा, आंघोळीच्या वेळी, तेलाने पूर्ण उतरवा.

पावडरीबद्दल. टाल्क नको, शिंपडताना ती बाळाच्या फुप्फुसात जाते आणि घडीत ओल्याशी मिसळून दगडासारख्या गोळ्या होतात. बोरिक असलेली कुठलीही पावडर तर मुळीच नाही, बाळाच्या अंगात शिरली तर विषारी. कापूर घातलेलं तेल किंवा बाम तसाच, त्याने आकडी येऊ शकते. सासूबाईंच्या खोबरेलाला मात्र हरकत नाही, साध्या लालीवर किंवा शी सोडवायला. बुरशीवर ते औषध नव्हे.

म्हावळींगा_लंगोट

दोन दिवस न वाळणारा लंगोट हेच अर्धं कारण. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) दोरी बांधली तरी वास येतो, आणि वास येतो तो कापड अजून ओलं असल्याचा.

कोरडं झालं की नाही ते हाताने कळत नाही. घडी करून गालाला लावा. गार लागलं तर आत ओल आहे. तसल्याला दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री, कडेच्या शिवणीवर दोनदा. इस्त्री फिरवताना नाकाला झिणझिण येईल असा अमोनियाचा वास आला तर लंगोट नीट धुतला गेला नाही, तो परत टाका.

धुताना आधी शी झटकून गार पाण्यात खळबळायचं. गरम पाण्यात एकदम टाकलं तर डाग पक्का बसतो. मग 60 अंशांचं पाणी, साबणाची पूड नेहमीच्या अर्धी. पूड जास्त झाली की धाग्यात राहते, ओलीत सुटते आणि कातडीला भाजते. साध्या पाण्यातून तीनदा काढायचं, तिसऱ्या पाण्यात फेस दिसता कामा नये. पहिल्या पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा निदान शेवटचं पाणी नळाचं घ्या. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याच्या मेणचट थरामुळे कापड पाणी पीत नाही. ॲन्टिसेप्टिक द्रवात भिजवून न धुता वाळवणं ही मोठी चूक, घरोघरी होते.

झिंक लावून सुती लंगोट घातला तर मलम कापडात बसतं आणि पुढे कितीही धुतलं तरी तेवढी जागा पाणी शोषत नाही. आत जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा पसरा, तो फेकता येतो. लंगोटावर रबरी किंवा प्लॅस्टिकची चड्डी सध्या अजिबात नको, कुकरचं झाकण तेच.

सात दिवस डायपर वापरलं तरी बिघडत नाही. खूप शोषणारं चांगलं डायपर या हवेत अर्धवट ओल्या लंगोटापेक्षा बरं. हे ऐकायला अनेकांना आवडत नाही.

बालत्वचा

वरच्याशी सहमत, पण डायपर आठ-नऊ तास नको. लघवीतला युरिया शीतल्या जंतूंमुळे फुटून अमोनिया होतो, आम्लता कमी होते आणि शीतली पाचकद्रव्यं जोरात काम करू लागतात. ती प्रथिनं आणि चरबी पचवण्यासाठीच असतात, कातडीही त्याचीच बनलेली. म्हणून शी लागली की मिनिटांत बदलायचं, शू असेल तर दिवसा दोन-तीन तासांनी. रात्री एकदा, साधारण एक-दोनच्या सुमारास, झोपेतच. पूर्ण उठवू नका, दिवा मंद. रात्रीसाठी एक साइज मोठं घ्या, सैल ठेवा, कमरेशी दोन बोटं आत गेली पाहिजेत. मांडीच्या इलॅस्टिकची किनार बाहेर वळवून घ्या, आत दुमडली तर तिथे रेघ उमटते. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं उघडं, खाली वॉटरप्रूफ चादर आणि त्यावर सुती दुपटं.

आंघोळीला बेसन, मसूर डाळीचं पीठ, उटणं काहीच त्या भागावर नको, कणांनी कातडी ओरबाडते. साबणही नको.

अबोली_फोंडा

जांघ ताणून बघितली, तळच लाल आहे, दाणे चारी बाजूंनी. जिभेवर काही नाही. जुलाबाचं काय करू? आणि पातळ शी थांबेपर्यंत हे कितीही लावलं तरी टिकेल का?

औषधपेटी

टिकणं कठीण, म्हणून दोन्ही एकाच वेळी. अंगावरचं दूध चालूच. प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली ओआरएस, चमच्याने. पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण लिटरातच विरघळवा. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात असा हिशेब अंदाजाने करू नका. चोवीस तासांनी उरलेलं फेका. जुलाबासाठी जे झिंक देतात ते तोंडी, सहा महिन्यांवरच्या बाळाला 20 मिलीग्रॅम रोज, 14 दिवस. चमचाभर पाण्यात विरघळणारी गोळी येते. ट्यूबमधलं झिंक आणि हे झिंक यांचा गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम लिहितो.

मोसंबीचा, सफरचंदाचा रस काही दिवस बंद. पेज, तिजाण (नाचणीची पातळ खीर), पिकलेलं केळं, मऊ भात-वरण चालेल. जुलाब बंद करणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या बाळाला कधीच नाहीत.

बालत्वचा

आणि थेट इस्पितळ गाठायचं ते केव्हा: फोड येऊन फुटणं, पू किंवा मधासारखी पिवळी खपली, रक्त, 38 अंशांवर ताप, सहा तास शू नाही, डोळे खोल गेलेले, बाळ गळून पडलेलं किंवा दूध नाकारणारं. गुदद्वाराभोवती आखल्यासारखी लालभडक कडा आणि शी करताना किंचाळणं, हे स्ट्रेप्टोकोकस या जीवाणूचं असू शकतं, त्याला तोंडी औषध लागतं, क्रीम पुरत नाही. आठवड्यात काहीच फरक नसेल, किंवा तोंडाभोवती, हातापायांवरही तसेच चट्टे असतील तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग विभागात दाखवा.

म्हावळींगा_लंगोट

पाळणाघरात मलमाची ट्यूब पाठवत असाल तर बाळाचीच स्वतंत्र ठेवा. ट्यूबचं तोंड बोटाला किंवा कातडीला लागू देऊ नका, आईस्क्रीमच्या सपाट काडीवर घेऊन लावायला सांगा. काडी दर वेळी नवीन.