वेगळ्या वंशात लग्न: अमेरिकेत तुम्ही काय पाहिलंत?

१२ जून १९६७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लविंग या आंतरवंशीय जोडप्याच्या खटल्याचा निकाल दिला आणि तोवर १६ राज्यांत टिकून राहिलेली आंतरवंशीय लग्नांवरची बंदी मोडीत निघाली. त्या वर्षी नवविवाहितांपैकी ३ टक्के लोकांचा जोडीदार वेगळ्या वंशाचा होता; २०१५ मध्ये १७ टक्के. आशियाई नवविवाहितांत तर २९. स्थलांतरितांना समाजाने आपलं म्हटल्याची खूण म्हणून हे आकडे पुढे केले जातात. घरात, मंडळात, सासरी तुम्हाला काय दिसलं? मोकळेपणाने लिहा. नावं नकोत.

न्यू जर्सी, मुलीची आई:
जावई गोरा. अंतरपाट धरला तेव्हा त्याची उंची एवढी, की त्याला पलीकडची नवरी आरामात दिसत होती. शेवटी भटजींनी मामांना स्टुलावर चढवलं. जेवताना त्याची आजी माझ्याशेजारी होती. ती आयरिश घरातली. इटालियन मुलाशी लग्न केलं म्हणून तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आज त्या दोघांना कोणी वेगवेगळं मोजतही नाही, सगळे नुसते गोरे. आमच्या नातवंडांचं तसं होईल? रंगावरून तरी कठीण वाटतं.

अटलांटा:
काकू, तुमचं वाचून बरं वाटलं, पण माझा अनुभव वेगळा आहे. माझा नवरा काळा. धाकट्या बहिणीचा गोरा. तिच्या वेळी बाबांनी आठवड्यात होकार दिला, माझ्या वेळी 'गावाकडे काय सांगायचं?' इथपासून सुरुवात. गणपतीला मंडळात गेलो, नवरा झब्बा घालून प्रसादाच्या रांगेत उभा होता. एका काकांनी त्याला विचारलं, "टेबलं कधी लावताय?" तो हसला आणि खरंच दोन टेबलं लावून आला. मी मात्र त्या काकांशी अजून नीट बोलत नाही. गोरा जावई आला की 'आपण इथले झालो', काळा आला की 'पोरीने काय केलं'. मग ओलांडली ती कुठली सीमा?

कॅलिफोर्निया:
आमच्या हिचे पणजोबा पंजाबी, पणजी मेक्सिकन. इंपीरियल व्हॅलीत अशी बरीच घरं होती. १९१७ च्या कायद्याने भारतातून येणं जवळपास बंद झालेलं, बायको आणणार कशी? गोऱ्या मुलीशी लग्नाचा परवाना मिळणं मुश्किल. दोघांचा रंग साधारण सारखा दिसला की कारकून शिक्का मारायचा. १९२३ मध्ये अमेरिकन नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिकत्व नाही, असं ठरलं. अशा माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचंही नागरिकत्व तेव्हा जायचं. म्हणजे दारं बंद होती म्हणूनही अशी लग्नं झाली. हिच्या माहेरी आडनाव सिंग आणि भांडणं स्पॅनिशमध्ये! नुसत्या टक्केवारीवर माझा म्हणूनच फारसा भरवसा नाही.

सिएटल:
मी इथेच जन्मलो, बायको कोरियन. दोन्ही आयांना 'गोरी/गोरा चालला असता' असं वाटत होतं, हे आता जेवणाच्या टेबलावरचा विनोद झालंय. बाकी विशेष काही नाही.

शिकागो:
मोठ्या मुलाची बायको जर्मन वंशाची. आमच्या थोरल्या दिरांनी तिचं भरभरून कौतुक केलं, पुण्याला नेऊन सगळ्यांना दाखवली. आता धाकट्याने मराठी मुलगी पसंत केली आहे, वेगळ्या जातीची. तेच दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, जरा विचार करा." पहिल्या सुनेच्या वेळी जात कोणी विचारली नव्हती, हे मी तिथल्या तिथे ऐकवलं. लग्न नोव्हेंबरात आहे. त्यांनी तिकिटं अजून काढलेली नाहीत.