बेळगावचा किल्ला एका सकाळीत: जाणकार गाईड कसा ओळखायचा?

सांगलीकर_प्रवासी
रविवारी सकाळी आठला बेळगावात पोचतोय. सोबत सत्तरीतले आई-बाबा आणि दहावीतली मुलगी. किल्ला गाईडबरोबर बघायचाय, दुपारी जमलं तर हलशीचं जुनं देऊळ. गाईड खरंच माहितगार आहे हे पैसे ठरवण्याआधी कसं कळणार? आणि किल्ल्याला किती वेळ धरावा?

खडक_गल्ली
अडीच तास धरा. किल्ला मध्यवर्ती बसस्थानकाला लागूनच आहे. थेट कमल बस्तीसमोर (बस्ती म्हणजे जैन मंदिर) गाडी नेली तर खंदक आणि वेशीजवळची गणपती-दुर्गेची देवळं राहून जातात. आई-बाबांना गाडीतून पुढे पाठवा, तुम्ही मुलीला घेऊन दरवाजापासून चालत या.

गाईडला फोनवरच विचारा, बस्ती कुणी आणि कधी बांधली? रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज, साल 1204, एवढं त्याला आलंच पाहिजे. "फार पुरातन, हजारो वर्षांचं" असं म्हणाला तर दुसरा बघा. तिथले दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत; हे आपणहून सांगणारा गाईड मिळाला तर सोडू नका. भाषा, तास आणि हलशी धरून की वेगळं, हे आधीच बोलून घ्या. वाद होतो तो नेहमी हलशीवरूनच.

कोटेकेरे
वरच्या म्हणण्यात थोडी भर. सनावळी पाठ असणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं. कमल बस्तीच्या मंडपात छताला उमललेलं दगडी कमळ लोंबतं, त्याला 72 पाकळ्या. भूत, वर्तमान आणि भविष्यकाळातले प्रत्येकी 24 तीर्थंकर, असा तो हिशेब. चांगला गाईड आधी मुलीला पाकळ्या मोजायला लावेल, मग आकडा सांगेल. दगड काळपट आहे. फ्लॅश मारला की कोरीवकाम सपाट दिसतं. मोबाईलची बॅटरी बाजूने, तिरकी धरा, म्हणजे कडा उठून दिसतात. मूर्ती नेमिनाथांची. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि उन्हं चढली की फरशी पोळते, त्यामुळे वयस्कर मंडळींसाठी बस्ती सगळ्यात आधी उरका. शेजारची चिक्की बस्ती पडकी आहे, तिला पाच मिनिटं पुरेत.

खरी गंमत सफा मशिदीत. मशीद 1519 ची, आदिलशाही काळातली, पण आतल्या दोन खांबांवर नागरी लेख आहेत: एक 1199 चा, याच कार्तवीर्याचा, दुसरा 1261 चा, देवगिरीच्या यादव कृष्णाचा. रट्ट, यादव, आदिलशाही, तिन्ही राजवटी एका छताखाली! गाईडने त्या खांबांपर्यंत नेलं नाही तर निम्मा किल्ला राहिला असं समजा. मात्र किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडे आहे. मशिदीत आत जाता येईल का, हे गाईडला आदल्या दिवशीच विचारून ठेवायला सांगा, नमाजाची वेळ टाळा, आणि लष्करी इमारती किंवा पहारा यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. अडवाअडवी होते ती त्यावरूनच.

सांगलीकर_प्रवासी
धन्यवाद! मुलीला इतिहासात काँग्रेस अधिवेशन आहे. तेही त्याच दिवशी होईल?

खडक_गल्ली
होईल, टिळकवाडीत. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन, डिसेंबर 1924. वीरसौध हे अधिवेशनाचं स्मारक आणि अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर जवळजवळ आहेत, अर्धा तास पुरतो. खानापूरकडे जाताना ते वाटेवरच पडतं, म्हणून किल्ल्यानंतर घ्या.

कोटेकेरे
हलशी खानापूरमार्गे 40 किलोमीटरच्या आसपास. जेवण खानापुरातच करून घ्या. भूवराह-नरसिंह देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात नरसिंह, दुसऱ्यात वराह. मधे उभं राहून दोन्हीकडे बघायचं. गाभारे दुपारी बंद मिळू शकतात, तेव्हा तीननंतर पोचा. तिथे मात्र कदंब राजघराण्याचा इतिहास सांगू शकणारा गाईड हवा. किल्ल्यावरचा माणूस तिथेही चालेलच असं धरून बसू नका, फोनवर तेवढं वेगळं विचारा.